गच्चीवरची छत्री आणि आग्नेयेचा उपग्रह



या स्मृतिव्याख्यानमालेचे निमंत्रण मी स्वीकारले तेव्हा मराठीचा हा निवृत्त प्राध्यापक एखाद्या संतकवीविषयी किंवा सयाजीरावकालीन ग्रंथव्यवहाराविषयी बोलेल, अशी आपली अपेक्षा असणार. मी विषय निवडला तो मात्र गच्चीवरच्या छत्रीचा. घरातील दूरचित्रवाणीसाठी लावलेली लहान छत्री आपल्या हातांनी हव्या त्या उपग्रहाकडे कशी वळवावी, एवढेच मला सांगावयाचे आहे. हा विषय माझा नाही, हे मान्य आहे. परंतु ज्यांच्या स्मरणार्थ आपण येथे जमतो, त्या आपल्या सरांचा तो निश्चित आहे.

सर भूगोल शिकवीत. ‘बडोदे कोठे आहे?’ असे त्यांनी विचारले आणि एखाद्याने ‘गुजरातेत’ असे उत्तर दिले, की ते म्हणत, ‘हे टपालवाल्याला सांग. मला अक्षांश-रेखांश सांग.’ बावीस अंश अठरा मिनिटे उत्तर, त्र्याहत्तर अंश बारा मिनिटे पूर्व, हे उत्तर आमच्या पिढीला पाढ्यासारखे पाठ होते. त्याचा उपयोग काय, हे कळावयास मला मात्र सत्तरी गाठावी लागली.

प्रसंग २०१९च्या जानेवारीतला. माझी थोरली बहीण अक्का तेव्हा माझ्याकडे राहत असे. खुब्याचे हाड मोडल्यापासून ती अंथरुणाला खिळली होती. वाचन डोळ्यांमुळे सुटले होते. दिवसाच्या अखेरीस सह्याद्री वाहिनीवरील सातच्या मराठी बातम्या, हा तिचा बाहेरच्या जगाशी उरलेला संबंध. बडोद्यात संक्रांत म्हणजे उत्तरायण. चौदा तारखेला सारे शहर गच्चीवर असते. आमच्या गच्चीवरही शेजारची मुले आली, कोणाचा तरी मांजा छत्रीत अडकला, तो सोडविताना छत्रीला धक्का बसला आणि सायंकाळी पडद्यावर ‘सिग्नल नाही’ एवढीच अक्षरे उरली. दुसरा दिवस वासी उत्तरायणाचा. कारागीर मिळेना. अक्का रागावली नाही. ‘उद्या बघू रे,’ एवढेच म्हणाली. मला मात्र ते ‘उद्या’ बोचले. सकाळी उठून नातवाच्या कंपासपेटीतील कोनमापक, दोरा, एक पाना आणि एक जुने होकायंत्र घेऊन मी गच्चीवर गेलो.

उपग्रह उभे कोठे असतात?

आपण ज्याला डिश म्हणतो ती छत्री ज्या उपग्रहाकडे पाहते, तो आकाशात स्थिर दिसतो. वस्तुतः तो ताशी अकरा हजार किलोमीटरच्या वेगाने धावत असतो. परंतु विषुववृत्ताच्या माथ्यावर सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर त्याची एक फेरी पृथ्वीच्या एका परिवलनाबरोबरच पुरी होते आणि म्हणून तो आपल्या माथ्यावरील एकाच जागी खिळलेला भासतो. अशा तीन उपग्रहांनी जवळजवळ सारे जग संदेशांनी जोडता येईल, ही कल्पना आर्थर क्लार्क यांनी १९४५ साली ‘वायरलेस वर्ल्ड’ या नियतकालिकात मांडली होती. १९६४ साली अमेरिकेचा ‘सिनकॉम-३’ प्रत्यक्ष तेथे जाऊन बसला.

आपल्या गुजरातला या कथेत मानाचे स्थान आहे. विक्रम साराभाईंनी जे स्वप्न पाहिले ते त्यांच्या निधनानंतर, १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात ‘साइट’ या प्रयोगाने साकारले. अमेरिकेचा ‘एटीएस-६’ हा उपग्रह ३५ अंश पूर्व रेखांशावर आणून उभा करण्यात आला, अमदावादेहून कार्यक्रम वर पाठविले गेले आणि सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांनी ते थेट खाली उतरवून घेतले. त्या खेड्यांतील छत्र्या तीन मीटर व्यासाच्या आणि कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशा तारेच्या जाळीच्या होत्या. मी तेव्हा नुकता अध्यापक झालो होतो, आणि ही बातमी आपल्या विषयाची नव्हे म्हणून पान उलटले होते.

पुढे ‘इन्सॅट-१बी’ १९८३ साली गेला आणि ७४ अंश रेखांशावर स्थिरावला. १९९० साली ‘एशियासॅट-१’ १०५.५ अंशांवर गेला. या उपग्रहाचे पूर्वचरित्र मनोरंजक आहे. ‘वेस्टार-६’ या नावाने तो १९८४ साली सोडला गेला, भलत्याच कक्षेत अडकला, अवकाशयानाने त्याच वर्षी त्याला धरून खाली आणले आणि डागडुजी करून पुन्हा वर धाडले. स्टार आणि नंतर झी यांच्या वाहिन्या आपल्या शहरात आल्या त्या याच्याकडून. केबलवाल्यांच्या गच्चीवर उभ्या राहिलेल्या दहा-बारा फुटी छत्र्या आपल्याला आठवत असतील. डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनने विनाशुल्क थेट घरपोच सेवा सुरू केली, तीच आजची ‘फ्री डिश’. मुंबई दूरदर्शन केंद्र १९७२ साली सुरू झाले, पण त्याचे भूप्रक्षेपण चारशे किलोमीटरवरच्या बडोद्याला कधी पोहोचले नाही. आता मात्र दोन फुटी छत्री योग्य दिशेला वळविली, की मराठी घरात उतरते.

बडोद्याहून दिसणारे कोन

छत्री वळवावयाची म्हणजे दोन कोन साधावयाचे. क्षितिजावरून उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजावयाचा तो दिगंश, आणि क्षितिजापासून वर मोजावयाचा तो उन्नतांश. हे दोन्ही उपग्रहाच्या रेखांशावर अवलंबून असतात, तितकेच आपल्या जागेवरही. पुण्याचे कोन बडोद्याला चालत नाहीत. म्हणून सरांचा प्रश्न पहिला: तू कोठे उभा आहेस?

आपला रेखांश त्र्याहत्तरच्या किंचित पुढे आहे. म्हणून ७४ अंशांवरचा उपग्रह आपल्याला जवळजवळ थेट दक्षिणेला दिसतो. किती उंच? तो तारकांइतका दूर असता, तर नव्वदातून आपला अक्षांश वजा करून सुमारे ६८ अंश हे उत्तर आले असते. पण तो तुलनेने जवळ आहे आणि आपण विषुववृत्तापासून उत्तरेला सरकून उभे आहोत, म्हणून तो चार अंश खाली, ६४ अंशांवर दिसतो. बडोद्याहून कोणताही स्थिर उपग्रह याहून उंच दिसू शकत नाही. येथून पूर्वेला जावे तसतसे उपग्रह डावीकडे आणि खाली उतरत जातात. गणिताने येणारे आकडे असे:

रेखांश ८३ (टाटा प्ले): दिगंश १५५½, उन्नतांश ६१½.
रेखांश ८८ (डी२एच): दिगंश १४५, उन्नतांश ५९.
रेखांश ९३.५ (फ्री डिश): दिगंश १३५½, उन्नतांश ५५.
रेखांश ९५ (डिश टीव्ही): दिगंश १३३½, उन्नतांश ५४.
रेखांश १०८.२ (एअरटेल): दिगंश ११८½, उन्नतांश ४३.

यातील तिसरी ओळ पाहावी. आग्नेय दिशा म्हणजे १३५ अंश. फ्री डिशचा उपग्रह बडोद्याहून जवळजवळ तंतोतंत आग्नेयेला आहे. ज्याला आकडे लक्षात राहत नाहीत त्याने एवढे स्मरावे की स्वयंपाकाची दिशा तीच मराठी वाहिनीची दिशा.

आणखी एक गोष्ट चाणाक्ष विद्यार्थ्याच्या ध्यानी येईल. ८३ आणि ९३.५ यांत रेखांशाचे अंतर साडेदहा अंश, पण दिगंशात मात्र वीस अंशांचा फरक. असे का? आकाशात जितके वर जावे तितक्या दिगंशाच्या रेषा एकमेकींच्या जवळ येतात, जशा टरबुजावरच्या रेषा देठाशी येतात. म्हणून उंचावरच्या दोन शेजाऱ्यांमध्ये जाण्यासाठी छत्रीला खालच्या क्षितिजावर बरेच फिरावे लागते.

छत्री पाहते कोठे?

छत्रीचा पृष्ठभाग अन्वस्ताकार असतो. समोरून समांतर येणारे किरण तो एका नाभीत गोळा करतो आणि नाभीपाशी दांड्यावर बसविलेला एलएनबी ते टिपून तारेने खाली पाठवितो. जुन्या मोठ्या छत्र्यांत नाभी मधोमध असे आणि छत्रीचे तोंड जिकडे तिकडेच तिची दृष्टी असे. घरगुती लहान छत्री मात्र मोठ्या अन्वस्ताचा कापून काढलेला एका बाजूचा तुकडा असतो. एलएनबी खालच्या बाजूला असल्याने त्याची सावली छत्रीवर पडत नाही, हा लाभ. परंतु त्यामुळे छत्रीची दृष्टी तिच्या तोंडापेक्षा बावीस ते सव्वीस अंश वर असते. ५५ अंशांवरच्या उपग्रहाकडे पाहणारी छत्री उभ्या रेषेपासून सुमारे ३१ अंशच मागे रेललेली दिसते. हे ठाऊक नसलेला माणूस छत्री चांगली आकाशाकडे उताणी करतो आणि दिवसभर रिकाम्या आकाशात शोध घेतो. त्या सकाळी पहिला तास मी तेच केले.

अचूकपणा किती हवा? ६० सेंटिमीटरच्या छत्रीची उपयुक्त दृष्टी सुमारे तीन अंश रुंद असते. एक अंश म्हणजे छत्रीच्या कडेला अवघा अर्धा सेंटिमीटर, आणि दीड इंची खांबाच्या अंगावर मिलिमीटरचा तिसरा हिस्सा. हातघाई करणाऱ्याला उपग्रह दिसत नाही याचे कारण यात आहे.

शोधाची रीत

पहिले काम खांब उभा करण्याचे. खांब कललेला असेल तर छत्री फिरविताना उन्नतांशही आपोआप बदलतो, आणि मग दोन अज्ञातांचा शोध एकदम घ्यावा लागतो. ओळंबा लावून एकमेकींशी काटकोनात असलेल्या दोन बाजूंनी खांब तपासावा. आमचा खांब धक्क्याने दोन बोटे कलला होता. तो मी सरळ केला.

दुसरे काम दिशेचे. होकायंत्राची सुई आपल्या भागात खऱ्या उत्तरेपासून एक अंशाहूनही कमी ढळते, तेव्हा तिचा दोष नाही. पण मी ते होकायंत्र लोखंडी खांबाला टेकवून पाहिले होते आणि गच्चीच्या स्लॅबमध्येही लोखंड भरलेले. सुई दर पावलाला मत बदलू लागली. तेव्हा सरांची युक्ती आठवली. भारताची प्रमाणवेळ ८२½ अंश रेखांशाची, आपण तिच्या पश्चिमेला सव्वानऊ अंश, म्हणजे सूर्य आपल्या मध्यान्ही सरासरी ३७ मिनिटे उशिरा येतो. जानेवारीच्या मध्याला यात आणखी नऊ मिनिटांची भर पडते. पावणेएक वाजता मी ओळंब्याचा दोरा धरला, त्याची सावली फरशीवर खडूने ओढली आणि अस्सल दक्षिणोत्तर रेषा मिळाली. दक्षिण टोकापासून पूर्वेकडे ४४½ अंश मोजून दुसरी रेषा काढली. हीच उपग्रहाची वाट.

तिसरे काम उन्नतांशाचे. छत्रीच्या वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत एक सरळ पट्टी टेकवावी, कोनमापकाला दोऱ्याने वजन बांधावे आणि पट्टीचा कल ३१ अंश येईपर्यंत छत्री रेलवावी. मग त्या बाजूचे नट आवळावेत. आता शोध पटलावर न राहता केवळ एका रेषेवर उरतो.

चौथे काम संयमाचे. खांबाभोवतीचे नट किंचित सैल ठेवून छत्री एका बाजूने केसभर हलवावी, आणि थांबावे. संदेश अंकीय असल्याने सेट-टॉप बॉक्सला तो ओळखण्यास काही सेकंद लागतात. केसभर हलवा, मनात दहा आकडे मोजा, पुन्हा केसभर हलवा. थांबण्यापूर्वीच पुढे सरकणारा माणूस उपग्रहावरून दहादा जातो आणि त्याला कळतही नाही.

खाली पडद्याजवळ नातू बसला होता आणि भ्रमणध्वनीवरून आकडे सांगत होता. तीनच्या सुमारास तो ओरडला, ‘आजोबा, सत्तर टक्के!’ मी हर्षभराने नट आवळले. पण चित्र येईना. येथे एक भेद समजून घेतला पाहिजे. बॉक्स दोन आकडे दाखवितो, एक जोर आणि दुसरा गुणवत्ता. जोर म्हणजे तारेतून किती गलबला येतो आहे. तो भलत्या उपग्रहाचाही असू शकतो. गुणवत्ता म्हणजे त्या गलबल्यातील वाक्य बॉक्सला लागते आहे की नाही. नातवाने सांगितलेले सत्तर जोराचे होते, गुणवत्तेचा आकडा शून्य होता. वाहिन्यांचा शोध लावून पाहिला तेव्हा दुसऱ्याच सेवेच्या कुलूपबंद वाहिन्यांची नावे आली. मी ९५ अंशांवरच्या शेजाऱ्याच्या दारात उभा होतो. त्याच्यात आणि आपल्या उपग्रहात दीडच अंशाचे अंतर. छत्रीची कड उजवीकडे एक सेंटिमीटर सरकविली, तोंड किंचित वर केले, दहा आकडे मोजले, आणि गुणवत्ता शून्यावरून चाळिसावर आली.

पाचवे काम एलएनबीच्या पिळाचे. उपग्रहाच्या लहरी उभ्या आणि आडव्या अशा दोन ध्रुवणांत येतात. बॉक्स एलएनबीला कधी १३ तर कधी १८ व्होल्ट देऊन हवे ते ध्रुवण निवडतो. पण ‘उभे’ कशाला म्हणावयाचे? आपण उपग्रहाकडे तिरकस कोपऱ्यातून पाहतो म्हणून त्याचे उभे आपल्याला कललेले दिसते. आग्नेयेच्या या उपग्रहासाठी हा कल गणिताने सुमारे चाळीस अंश येतो. छत्रीच्या मागे, उपग्रहाकडे तोंड करून उभे राहावे आणि एलएनबी घड्याळाच्या उलट दिशेने फिरवीत जावे, गुणवत्ता जेथे सर्वाधिक होईल तेथे थांबावे. एलएनबीची तार काढण्या-जोडण्यापूर्वी बॉक्सचा वीजपुरवठा अवश्य बंद करावा. चाळिसाचे बहात्तर झाले ते या एका पिळाने.

शेवटचे काम नट आवळण्याचे. एकच नट एकदम आवळला तर छत्री त्या बाजूला ओढली जाते. समोरासमोरचे नट थोडे थोडे, आळीपाळीने आवळावेत आणि दर वेळी आकडा पाहावा.

एका उपग्रहावरून दुसऱ्याकडे

ही विद्या हाती आल्यावर मला तिचे व्यसनच लागले. अडगळीतील एक जुनी छत्री मी गच्चीच्या दुसऱ्या खांबावर बसविली आणि तिला निरनिराळ्या उपग्रहांकडे नेऊ लागलो. ९३.५ वरून ८३ कडे जाताना छत्री उजवीकडे वीस अंश फिरवावी, साडेसहा अंश वर उचलावी आणि एलएनबीचा पिळ चाळिसावरून बाविसावर आणावा. तिन्ही हालचाली एकत्र होतात, कारण आपण विषुववृत्तावरच्या एका कमानीवरून चालत असतो. खांबावर तेलरंगाने खुणा केल्या, की पुढच्या वेळी पाच मिनिटे पुरतात. सशुल्क सेवांच्या वाहिन्या कुलपात असतात, त्या त्यांच्याच बॉक्सवर दिसणार. पण उपग्रह सापडला की नाही हे कळावयास कुलूप आड येत नाही.

वाटेत झाड किंवा इमारत आहे का, हे पाहण्याची सुंदर सोय निसर्गाने केली आहे. मार्चच्या दुसऱ्या आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सूर्य नेमका फ्री डिशच्या उपग्रहामागून जातो. मार्चमध्ये सकाळी सव्वाअकराच्या सुमारास, ऑक्टोबरमध्ये अकराला काही मिनिटे असताना. त्या वेळी सूर्याच्या गलबल्यात उपग्रहाचा क्षीण स्वर बुडून चित्र काही मिनिटे जाते. अशा वेळी छत्रीला हात लावू नये, तिचे काहीच बिघडलेले नसते. उलट, त्या घटकेला छत्रीवर स्वच्छ ऊन पडले असेल तर वाट मोकळी आहे असे समजावे. आमच्याकडे शेजारच्या कडुनिंबाची एक फांदी वाटेत आलेली मला अशीच कळली. तसेच गुणवत्ता जेमतेम ठेवून समाधान मानू नये. पावसाचे थेंब या लहरी शोषून घेतात. आषाढातील सरींसाठी शिल्लक मागे असावी लागते.

त्या दिवशी मी गच्चीवरून उतरलो तेव्हा सात वाजून गेले होते. बातम्या अर्ध्यावर आल्या होत्या. अक्काचे डोळे मिटलेले होते. मला वाटले, झोप लागली. तेवढ्यात ती म्हणाली, ‘लागलं रे मराठी.’ पुढे दोन वर्षांनी ती गेली. छत्री अजून तेथेच, आग्नेयेला तोंड करून आहे.

आपल्यापैकी अनेक जण आज अमेरिकेत, आखातात, बंगळुरात आहेत. तेथील छत्रीचे कोन मी दिलेल्या आकड्यांनी साधणार नाहीत. आपला अक्षांश आणि रेखांश घेऊन ते नव्याने काढावे लागतील. उपग्रह आपली जागा सोडत नाही. आपण कोठे आहोत, ते ज्याचे त्याने नीट सांगावयाचे असते. सर वर्गात दुसरे काय विचारीत होते?

मुख्याध्यापकांना माझी एक विनंती आहे. येत्या ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी नववीच्या मुलांना पावणेअकरा वाजता शाळेच्या मैदानावर आणावे. ओळंबा, कोनमापक आणि खडू मी घेऊन येईन. सूर्याकडे थेट पाहावयाचे नाही, त्याच्या सावल्या मोजावयाच्या. अकराला काही मिनिटे उरली, की मी त्यांना सांगेन: या सावलीची रेषा उलट दिशेने वर नेली, की तेथे, छत्तीस हजार किलोमीटरवर, आपली मराठी बोलणारा उपग्रह उभा आहे.